डोंगरापलीकडची मुंबई

आपल्याकडच्या बायका मुंबईला जातात त्या तीन कारणांनी. लग्न, दवाखाना, नाहीतर मुलाची नोकरी. लग्नाला गेलं तर कार्यालयातून कार्यालयात. मुलाकडे गेलं तर त्याच्या स्वयंपाकघरात. दवाखान्याचं तर बोलायलाच नको. उरलेल्या एका दिवसात गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ, की झाली मुंबई पाहून! परत आल्यावर शेजारणींना सांगायला तेवढं पुरतं. पुन्हा जाऊन आलेली शेजारीणही तेच सांगते, त्यामुळे कुणाचंच काही अडत नाही.

मी यंदा दवाखान्याच्या कारणाने गेले. सासूबाईंना परळच्या एका मोठ्या रुग्णालयात पंचवीस शेक घ्यायचे होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे पाच आठवडे. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, तेव्हा तास नाही तर पैसाही नाही हे ठरलेलंच. ह्यांनी आणि मुलाने उमरेडचं घर सांभाळायचं कबूल केलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही दोघी सकाळी कल्याणला उतरलो आणि लोकलने भांडुपला नणंदबाईंकडे गेलो.

नणंदबाईंचं घर दोन खोल्यांचं. बावीस वर्षांचा संसार त्यात मावला आहे. पहाटे साडेपाचला नळ येतो, सात-साडेसातला जातो. तेवढ्यात पिंप, कळशा, बादल्या, बाटल्या. त्यानंतर डबे. डब्यांनंतर शिवणाची मशीन. त्यांच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून मात्र एक हिरवा डोंगर दिसतो, थेट आपल्या आंभोऱ्याच्या टेकड्यांची आठवण व्हावी असा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ‘‘ताई, त्या डोंगराच्या पलीकडे काय आहे हो?’’

‘‘बिबटे,’’ त्या म्हणाल्या आणि फोडणीत मोहरी टाकली.

पलीकडे काय आहे ते मी शाळेत इतिहास शिकवते म्हणून मला ठाऊक होतं. तो डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी. बावीस वर्षं त्या डोंगराकडे बघत पोळ्या लाटल्या, पण पलीकडे जाणं झालं नाही! ह्यात नणंदबाईंना बोल लावायला मी तयार नाही. उमरेडला राहून कऱ्हांडल्याचं जंगल न पाहिलेल्या बायका मी मोजून दाखवीन.

खरा प्रश्न वेगळाच होता. सासू आजारी आणि सून मुंबई पाहत फिरते, हे शोभतं का? उमरेडला कळलं तर काय म्हणतील, हे मला आधीच ऐकू येत होतं. पण ह्याचा निकाल सासूबाईंनीच लावला. ‘‘मी काय शनवार-इतवारी तुमच्या तोंडाकडे पाहत बसू? जा बाप्पा फिरून या. अन् मले चालवते तोवर मलेबी न्या.’’

म्हणून शेक सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, त्यांच्या अंगात ताकद होती तोवर, आम्ही त्यांना घेऊन वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो. चर्नी रोडला उतरून टॅक्सी केली. मलबार हिलच्या उंच इमारतींमधून एक अरुंद रस्ता खाली उतरतो आणि एकदम आपण वेगळ्याच गावात येतो. मध्ये मोठं आयताकृती तळं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, कडेला देवळं, मठ, दीपमाळा. कुणी श्राद्धाचं करतंय, कुणी बदकांना दाणे टाकतंय, पोरं पायऱ्यांवर चेंडू खेळताहेत. रामाने बाण मारून पाताळातून गंगा आणली अशी कथा आहे, आणि त्याने वाळूचं शिवलिंग केलं म्हणून वाळुकेश्वर, वाळकेश्वर. तळं बांधण्याचं श्रेय ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूला देतात. पुढे १७१५ च्या सुमाराला रामा कामत नावाच्या धनिकाने त्याचा जीर्णोद्धार केला.

पण मैत्रिणींनो, खरी गंमत इतिहासाची नाही. हे तळं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचं पाणी गोड आहे. जमिनीखालच्या झऱ्याचं पाणी. सासूबाईंनी खालच्या पायरीवर बसून ओंजळीत घेतलं तेव्हा मी घाबरून म्हटलं, ‘‘आई, तोंडात नका घेऊ हं!’’ त्यांनी फक्त डोळ्यांना लावलं. मग आम्ही मागच्या गल्लीतून पलीकडे गेलो. धुण्याच्या दोऱ्या ओलांडल्या आणि समोर समुद्र. आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या त्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं हात जोडतील. तर म्हणाल्या, ‘‘अवो, एवढं पाणी, अन् एक घोट प्याले कामाचं नाही! मंग एवढ्या लोकाइले पाणी येते तरी कुठून?’’

उमरेडच्या उन्हाळ्यात पाणी भरलेल्या बाईला समुद्र बघून दुसरं काय सुचणार? आणि प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधता शोधताच आमचे पुढचे शनिवार-रविवार गेले असं म्हटलं तरी चालेल.

कान्हेरीला त्या येऊ शकल्या नाहीत. तोवर दहा शेक झाले होते, घसा धरला होता, पातळ खिचडीही जड जात होती. भाचा घरी थांबला आणि आम्ही दोघी नणंद-भावजया निघालो. भांडुपचा डोंगर समोर, पण त्यावरून वाट नाही. दादरला उलट जाऊन बोरिवलीची गाडी पकडायची. उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आतून बस मिळते. सोमवारी उद्यान बंद असतं, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि दुसरं म्हणजे डबा पिशवीत हातात धरू नये, पाठीवर बंद ठेवावा. माकडं आपल्यापेक्षा हुशार आहेत. नणंदबाईंनी केलेल्या दशम्या आणि मी उमरेडहून नेलेली जवसाची चटणी वाचली, पण शेजारच्या कुटुंबाची केळी समोरच गेली.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. शंभराच्या वर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षू राहिले. थोरला चैत्य, त्याच्या ओसरीतल्या दोन्ही बाजूंच्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती, ह्यांचं वर्णन पुस्तकांत मिळेल. मला सांगायचं आहे ते वेगळं. आम्ही पायऱ्या चढत वरच्या बाजूला गेलो. लहान लहान खोल्या, ओसरी, भिंतीला कोरलेला दगडी ओटा, झोपायला. आणि जवळजवळ प्रत्येक खोलीच्या दारापाशी एक टाकं. जमिनीत कोरलेलं, चौकोनी तोंडाचं. डोंगराच्या उतारावर बोटभर-दोन बोटं रुंद चर खणलेले, पावसाचं पाणी वाहत नेमकं त्या टाक्यात यावं असे. जिथे राहायचं तिथेच पाणी साठवायचं! शिलालेखांतून ह्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. नणंदबाई टाक्यात वाकून बघतच राहिल्या. फेब्रुवारी संपत आला होता आणि टाक्यांत पाणी होतं, काळंशार, थंड. ‘‘आमच्या बिल्डिंगवाल्यांना आणून दाखवायला पाहिजे,’’ त्या म्हणाल्या.

ही लेणी राजांनी एका हाताने बांधलेली नाहीत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, भिक्षुणींनी आणि साध्या गृहिणींनी दानं दिली. कुणी खोली दिली, कुणी टाकं दिलं, आणि त्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत भिंतीवर कोरली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा बाईने घरखर्चातून वाचवून पाण्याचं टाकं बांधून दिलं असेल, हा विचार मनातून जाईना. आपल्या पवनीलाही, भिवापूर ओलांडून, १९६९-७० साली उत्खननात स्तूप निघाला, त्याच्या दगडांवर अशीच दात्यांची नावं आहेत. पवनी आमच्यापासून किती जवळ! वर्गात पवनीचा धडा शिकवताना मुलं जांभया देतात. पुढच्या वर्षी पाण्यापासून सुरुवात करीन म्हणते.

आणि ह्याच जंगलात पुढच्या काळातलं पाणीही आहे. मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी विहिरी आटल्या तेव्हा इंग्रजांनी ह्या डोंगरात विहार तलाव बांधला, १८६० साली पूर्ण झाला. मग १८७९ मध्ये तुळशी. पुढे तानसा, वैतरणा, भातसा असं शहर लांबलांबून पाणी आणत गेलं. आणि त्यातलं पुष्कळसं पाणी शुद्ध कुठे होतं ठाऊक आहे? भांडुपला! नणंदबाईंच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. त्यांच्या पहाटे साडेपाचच्या नळाला जे येतं, त्याचं कारखानासारखं मोठं केंद्र त्यांच्याच गावात. ‘‘आणि आम्हालाच दोन तास!’’ असं म्हणून त्या इतक्या हसल्या की बसमधल्या बायका वळून बघायला लागल्या.

घरी आलो तर सासूबाई जाग्याच होत्या. पहिला प्रश्न, ‘‘पाणी होतं काय टाक्यात?’’ होतं म्हटलं. मग खिचडीचे चार घास जास्त गेले. डोळे मिटून सगळं ऐकलं. दगडी ओट्यांचं ऐकून म्हणाल्या, ‘‘थंडीत कसे झोपत असतील बापा.’’

आता भरतीचं सांगते, ते तुम्हाला नक्की आवडेल. नणंदबाईंच्या दारावर एक कोळीणमावशी मासळी घेऊन यायच्या. सासूबाई माळकरी, मासळीला शिवणार नाहीत, पण गप्पा मारायला काय हरकत? एक दिवस त्यांनी विचारलं, समुद्राचं पाणी केव्हा चढतं अन् केव्हा उतरतं हे तुम्हाला कसं कळतं? मावशी म्हणाल्या, त्यात काय, तिथीला पाऊणपट करायचं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसाही तेवढ्यालाच आणि रात्रीही जवळपास तेवढ्यालाच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत आत जाल तसं थोडं उशिरा. मी नंतर छापील तक्त्याशी ताडून पाहिलं, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. तिथी चंद्राची आणि भरतीही चंद्राची, तेव्हा जमणारच. पण हे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लपलेलं आहे हे मला बी.ए. होऊनही कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना तर खजिनाच सापडला. उपास डॉक्टरांनी बंद केले होते, पण तिथ्या काही सुटल्या नव्हत्या. रोज सकाळी अंथरुणातून आवाज यायचा, ‘‘आज सप्तमी. सव्वापाच.’’ दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या शेजारच्या बायकांना शिकवलं. साताऱ्याच्या एक बाई होत्या, मालेगावच्या एक होत्या. समुद्राशी कुणाचंच नातं नाही, पण सगळ्या मिळून बोटांवर भरती मोजायच्या. नंबर येईपर्यंतचा वेळ त्यात जायचा.

ह्याच हिशेबाचा उपयोग करून आम्ही ऐरोलीला रोहित पक्षी पाहिले. भांडुपहून ऐरोलीचा पूल ओलांडला की नवी मुंबई. तिथे वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाण्याच्या खाडीतून होडीने फिरवतात. पण खाडीत पाणी पुरेसं चढलं तरच होडी सुटते, त्यामुळे वेळ रोज बदलते आणि आधी नोंदणी करावी लागते. आम्ही गेलो तो शनिवार नेमका एकादशीचा. सासूबाईंनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, ‘‘सव्वाआठ, अन् खाडीत म्हणजे नऊ धरा.’’ केंद्रात विचारलं तर नऊच्या सुमारालाच होडी. त्या दिवशी त्यांना बरं वाटत होतं. रिक्षा थेट दारापर्यंत जाते, चढण नाही, म्हणून त्यांना घेऊन गेलो. मुलाने रजई समजून आणलेली शाल गुंडाळून होडीत मध्यभागी बसल्या.

दोन्ही बाजूंना कांदळवन. चिखलात हजार मुळं खोचलेली झाडं. मग खाडी रुंद होते आणि दूरवर पाण्यावर गुलाबी रेघ दिसते. जवळ गेल्यावर त्या रेघेला पाय फुटतात. हजारो पक्षी! उंच काटकुळे पाय, मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत खातात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते आणि थंडीत ते इकडे येतात, मेपर्यंत राहतात. पिल्लं करड्या रंगाची असतात. त्यांच्या खाण्यातल्या शेवाळामुळे आणि बारीक जिवांमुळे पुढे हा गुलाबी रंग चढतो. आणि ते शेवाळ इथे एवढं माजतं ते शहराच्या सांडपाण्यामुळे, असं जाणकार सांगतात. म्हणजे आपण ओट्यावरून जे घाण म्हणून सोडून देतो, त्यावर शेवटी हा रंग! २०१५ साली ठाणे खाडीचा हा भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण काठावरच्या इमारतींच्या रांगा बघितल्या की दर्ज्याचा कागद किती दिवस पुरेल ही शंका येतेच. सांडपाण्यावर पक्षी जगतात म्हणून सांडपाणी चांगलं, असं कुणी समजू नये.

होडीवाल्याने यंत्र बंद केलं. एवढ्या पक्ष्यांचा कलकलाट, जणू पंगत बसली आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पेंच-कऱ्हांडल्यात वाघासाठी जीपमंधी दिवसभर धूळ खातेत लोकं, अन् दिसला तर दिसला. हे पहा, ह्याइले लपनं माहीतच नाही.’’

त्यानंतर मात्र त्यांना घराबाहेर काढता आलं नाही. शेवटचे शेक फार जड गेले. गळ्याची कातडी काळी पडली, आवाज बसला. ह्या दिवसांचं मी फार लिहीत नाही. ज्यांनी घरात हे पाहिलं आहे त्यांना माहीत आहे, आणि इतरांना कळूही नये.

मधल्या एका रविवारी नणंदबाईंना घेऊन मी गिरगावात खोताची वाडी बघून आले, तेही सासूबाईंनी ढकललं म्हणून. लाकडी जिने बाहेरून वर जाणारी, रंगीत सज्ज्यांची जुनी घरं, बहुतेक ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. दारात क्रूस आणि शेजारी तुळस. पूर्वी पासष्ट घरं होती म्हणतात, आता निम्मीसुद्धा नाहीत. वाडीत माणसं राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नये. तिथून चालत केशवजी नाईकांच्या चाळीत गेलो, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. चाळ पाहून नणंदबाई म्हणाल्या, ही तर आमच्यासारखीच! जोगेश्वरीची गुंफा घाईत झाली. सहाव्या शतकातली शंकराची लेणी, केवढी ऐसपैस, पण माथ्यावर वस्ती आणि आत पाणी ठिबकतं. अंधारात जोगेश्वरी देवीपुढे एक दिवा होता, तेवढंच लक्षात राहिलं. अंधेरीचा गिल्बर्ट हिल मात्र जरूर बघा. इमारतींच्या गर्दीत दोनशे फूट उंच काळ्या दगडाचे खांबच खांब उभे आहेत, वर गावदेवीचं देऊळ, चढायला पायऱ्या. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळातला तो दगड. आपली सीताबर्डीची टेकडी त्याच काळातल्या लाव्ह्याची. एवढ्या लांब येऊन माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

खर्चाचं विचाराल तर, ह्या सगळ्यात टॅक्सी आणि होडीचे पैसे सोडले तर फारसं काही लागलं नाही. लोकलचा बायकांचा डबा, घरचा डबा, पाण्याच्या बाटल्या, एक छत्री आणि पायात जुन्या चपला. कान्हेरीला नव्या चपला घालून येणाऱ्या मुलींचे हाल आम्ही पाहिले. दुपारी दोनच्या आत घरी परतायचं असा आमचा नेम होता, म्हणजे रुग्णाच्या जेवणाची आणि औषधाची वेळ चुकत नाही.

पंचवीस शेक पूर्ण झाले आणि मार्चच्या मध्याला आम्ही उमरेडला परतलो. निघायच्या दिवशी नणंदबाईंनी ओट्यासमोरच्या खिडकीकडे बोट दाखवून शेजारणीला सांगितलं, ‘‘त्याच्या पलीकडे लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत. सुट्टीत जाऊया.’’ शेजारीण विचारत होती, बिबट्यांचं काय?

सासूबाईंचा आवाज आता बराच परत आला आहे. भाकरी दुधात कुस्करून खातात, भिवापुरी मिरचीचा ठेचा नुसता बघतात. जूनमध्ये तपासणीला पुन्हा जायचं आहे. काय निघेल ते तेव्हा कळेल. पक्षी तोवर गेलेले असतील. तारखेची चिठ्ठी आली तशी त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या, चष्मा लावून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘षष्ठी आहे. साडेचार.’’